सर्कल ओलांडताना: मुंबईतल्या गोल चौकांचं पायी आणि सायकलवरून केलेलं परीक्षण

मुंबईत सर्कलचं कौतुक होतं ते त्याच्या पोटातल्या बागेमुळे. कारंजं, जुने वड, लोखंडी जाळी, सणासुदीची रोषणाई. पण चौक ही आधी एक सेवा आहे: या फूटपाथवरून त्या फूटपाथवर माणसाला सुखरूप पोचवायची. त्याच कसोटीवर इथे काही सर्कलं तपासली आहेत. गाड्या किती झपाट्याने निघून जातात, याला गुण नाहीत. दप्तर पाठीला लावलेली मुलगी, गुडघे धरलेल्या आजी, व्हीलचेअरवरचा माणूस आणि कॅरिअरवर इडलीचं पातेलं बांधलेला सायकलवाला यांना तो चौक कसं वागवतो, एवढंच पाहिलं आहे.

निकाल आधी सांगायचा तर हॉर्निमन सर्कल पाचपैकी चार, फाइव्ह गार्डनचा परिसर तेवढाच, माटुंग्याचं किंग्ज सर्कल म्हणजे महेश्वरी उद्यान अडीच, रीगल दोन, आणि सात रस्ता दीड. हे गुण कसे पडले ते कळायला सर्कल चालतं कसं हे आधी पाहावं लागेल.

चार रस्त्यांच्या साध्या नाक्यावर गाड्यांच्या वाटा एकमेकींना 32 ठिकाणी भिडतात. एकपदरी सर्कलमध्ये ही ठिकाणं 8 उरतात, आणि समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक जवळजवळ बंद होते. अमेरिकेच्या महामार्ग खात्याच्या हिशोबाने सिग्नल काढून तिथे नीट बांधलेलं सर्कल केलं की मृत्यूचे आणि गंभीर इजेचे अपघात 78 टक्क्यांच्या आसपास घटतात. पण हा सगळ्यांचा मिळून आकडा. सायकलवाले वेगळे काढले तर उलटं चित्र दिसू शकतं. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या सर्कलांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. तिथे सर्कल झाल्यावर सायकलस्वारांचे इजेचे अपघात 27 टक्क्यांनी वाढलेले निघाले. म्हणजे ‘सर्कल सुरक्षित असतं का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं सर्कल आणि कोणासाठी, ते विचारावं लागतं.

फरक पडतो तो वेगाने, आणि सर्कलमधला वेग पाटीवरच्या आकड्यापेक्षा वळणाची त्रिज्या ठरवते. सुमारे 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर मोटार आपसूक ताशी 20 ते 25 किलोमीटरवर येते, कारण त्याहून जोरात गेलं की आतली माणसं एका बाजूला कलंडतात. तीच त्रिज्या 50 मीटर केली की 35 ते 40 चा वेग आरामात निघतो. मुंबईच्या जुन्या सर्कलांचं दुखणं इथेच आहे. मधली बाग जितकी मोठी तितकं वळण सैल, आणि वळण सैल तितकी गाडी मोकाट. त्यात येणारा रस्ता सर्कलला जवळजवळ सरळ रेषेत चाटून जात असेल, तर ब्रेकवर पाय ठेवायलाही चालकाला कारण उरत नाही.

आता हाच हिशोब चालणाऱ्याच्या बाजूने. रस्त्यांचे आराखडे करताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. चार पदरी, म्हणजे 14 मीटर रुंद रस्ता मध्ये न थांबता ओलांडायला त्याला जवळजवळ 12 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 40 ने येणारी मोटार 130 मीटर कापते. म्हणजे 130 मीटरपर्यंतचा रस्ता रिकामा दिसायला हवा. गोल रस्त्यावर एवढं लांबचं दिसतच नाही, बाग आड येते. आजींची चाल सेकंदाला 0.8 मीटर धरली तर त्याच रस्त्याला साडेसतरा सेकंद. आता रस्त्याच्या मध्ये एक आयलंड, म्हणजे थांबायला उंचवटा, द्या आणि गाडी ताशी 20 वर आणा. एका वेळी सात मीटर, सहा सेकंद, आणि लागणारी मोकळी जागा 33 मीटर. तीन बेस्ट बस एकामागे एक उभ्या केल्या तर त्याहून जास्त, 36 मीटर जागा व्यापतात. एवढं अंतर कोणालाही नजरेने जोखता येतं. गाडी थांबण्याचं अंतरही पाहा: ताशी 40 ला कोरड्या रस्त्यावर सुमारे 22 मीटर, पावसात 30 च्या घरात, ताशी 20 ला 8 ते 10 मीटर.

म्हणून सर्कलला गुण देताना पहिली नजर प्रत्येक तोंडाशी, म्हणजे रस्ता सर्कलला मिळतो तिथे, असलेल्या त्या तिकोनी आयलंडवर जावी. येणारी आणि जाणारी वाहतूक वेगळी करणारं आयलंड. ते निदान दोन मीटर रुंद हवं. सायकल किंवा बाबागाडी घेऊन उभं राहिलं तर पुढचं-मागचं चाक रस्त्यात येता कामा नये. नुसते पांढरे पट्टे ओढलेलं आयलंड धरू नका, त्यावर दुचाक्या चढतात. झेब्रा त्या आयलंडमधून, रस्त्याच्या पातळीवर आरपार गेलेला हवा. चढ-उतार करायला लावला तर लोक आयलंडला वळसा घालून रस्त्यातूनच जातात.

हॉर्निमन सर्कल

हे सर्कल मोटार रस्त्यावर यायच्या आधीचं. कॉटन ग्रीनच्या मोकळ्या मैदानावर आखलेलं, 1872 साली बाग पुरी झालेलं, तेव्हाचं एल्फिन्स्टन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव स्वातंत्र्यानंतर लागलं. घोडागाडीच्या मापाने आखल्यामुळे बागेभोवतीचा रस्ता आटोपशीर आहे, आणि तीच त्याची कमाई. चालकाला समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या, बागेची जाळी, कडेला उभ्या गाड्या दिसतात. ऍक्सिलरेटर दाबायला जागाच सापडत नाही.

पण खरी दाद द्यायची ती बाहेरच्या कमानींना. गोलाकार उभ्या असलेल्या इमारतींच्या तळमजल्याला सलग कमानी आहेत आणि त्यांच्या आत चालायची वाट. चालणाऱ्याला सर्कलच्या बाहेरून, सावलीतून फिरता येतं. जुलैतल्या पावसात छत्री मिटून या वाटेने जाता येतं, आणि मे महिन्यात डोकं तापत नाही. जगभरचे आराखडेकार आज हेच सांगतात: माणसाला गोलाच्या बाहेरच्या कडेने फिरवा, मध्ये आणू नका.

चार गुण का, पाच का नाहीत? कारण मधली बाग लोकांसाठी उघडी आहे आणि ती असायलाच हवी. दुपारी डबा खायला, वडाखाली बसायला फोर्टमधली माणसं तिथे येतात. मग फिरणारी वाहतूक ओलांडणं आलंच. सर्कलच्या शास्त्रात मध्यभागी लोकांना बोलवू नये असा नियम. मुंबईत बागांचा एवढा तुटवडा की हा नियम पाळणं क्रूरपणा होईल. उपाय साधा आहे. बागेच्या प्रत्येक फाटकासमोर झेब्रा फूटपाथच्या उंचीला आणायचा, 3 ते 4 मीटर रुंद सपाट माथ्याचा. गाडी त्यावर चढते, माणूस उतरत नाही. झेब्र्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर गाडी उभी करायला बंदी, कारण उभ्या टेम्पोच्या आडून बाहेर पडलेलं मूल चालकाला शेवटच्या क्षणीच दिसतं.

फाइव्ह गार्डनबद्दल थोडक्यात. दादर पारशी कॉलनीची आखणी मंचेरजी जोशी यांनी केली तेव्हापासून इथले रस्ते बागांना वळसे घालत जातात. रहदारी कमी, झाडं दाट, वळणं आखूड. सायकल शिकायला मुलं इथेच येतात ते उगाच नाही. दोष एवढाच की संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती मोटारी दुहेरी रांगेत लागतात आणि चालणारा मधोमध ढकलला जातो.

किंग्ज सर्कल, अर्थात महेश्वरी उद्यान

इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण मुंबईतल्या सर्कलांचे बहुतेक गुण-दोष या एका जागी सापडतात. डॉ. आंबेडकर रोडसारखा उत्तर-दक्षिण हमरस्ता, आजूबाजूला शाळा-कॉलेजं, अरोरा टॉकीज, माटुंग्यातली दाक्षिणात्य उपाहारगृहं, हार्बर मार्गाचं स्टेशन, आणि मध्ये गोल बाग. सकाळी साडेसातला इथे शाळेची मुलं, फिरायला निघालेले ज्येष्ठ आणि ट्रक एकाच वेळी रस्त्यावर असतात.

रस्ता अनेक पदरी आहे, आणि अनेक पदर म्हणजे चालणाऱ्याला सर्वात मोठा धोका. पहिल्या पदरातली टॅक्सी थांबते, माणूस निघतो, आणि टॅक्सीच्या पलीकडून मोटारसायकल येते. टॅक्सीवाल्याने सौजन्य दाखवलं, पण त्याच्याच गाडीने माणूस झाकला गेला. त्यामुळे दोन पदर ओलांडताना पहिल्या थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कडेशी पुन्हा थांबून डोकावायचं, हा नियम मुलांना शिकवाच. अंध व्यक्तींची अडचण याहून मोठी. सिग्नलवर गाड्यांचा आवाज थांबतो आणि निघतो, त्यावरून त्यांना वेळ कळते. सर्कलमध्ये घरघर अखंड असते; कोणती गाडी गोल फिरते आहे आणि कोणती आपल्याकडे बाहेर पडते आहे, हे कानाने ओळखता येत नाही. अनेक पदरी सर्कलवर झेब्र्याला बटणाचा, आवाज देणारा सिग्नल लावणं हाच त्यावरचा भरवशाचा उपाय.

आत शिरणारं तोंड आणि बाहेर पडणारं तोंड यांत फरक आहे, तो कळला तर निम्मा धोका कळला. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून सर्कल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. शिरणारा चालक उजवीकडे बघत असतो, तिकडून गाडी येते म्हणून. त्याच्या डाव्या हाताच्या फूटपाथवरून उतरणारा माणूस त्याच्या नजरेतच नसतो. बाहेर पडणाऱ्या चालकाची तऱ्हा निराळी: समोर सरळ रस्ता दिसला की तो वेग घेतो, आणि डावा इंडिकेटर बहुधा देत नाही. म्हणून दोन्हींपैकी बाहेर पडणारी बाजू जास्त घातक. तिथे इंडिकेटरवर विसंबू नका, गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहा. चाक डावीकडे वळायला लागलं की गाडी तुमच्याकडे येते आहे.

झेब्रा कुठे आहे यालाही फार महत्त्व. शिरण्याच्या रेषेपासून तो साधारण 5 ते 6 मीटर मागे हवा, एक मोटार मावेल एवढा. मग चालकाची दोन कामं वेगळी होतात: आधी माणसाला वाट द्यायची, मग पुढे सरकून सर्कलमधली फट शोधायची. अगदी रेषेवर काढलेल्या झेब्र्यावर गाड्या उभ्याच राहतात. फार मागे नेला तर वेगळीच पंचाईत. समजा सर्कलचा बाहेरचा व्यास 60 मीटर आहे. समोरच्या कोपऱ्यावर जायला अर्धा घेर 94 मीटर, सव्वा मिनिटाची चाल. प्रत्येक तोंडावरचा झेब्रा 30 मीटर आत नेला आणि दोन तोंडं ओलांडायची असली, तर चाल 214 मीटर होते, तीन मिनिटं. मग लोक सरळ मधून जातात. कडेला रेलिंग लावलं तर महिन्याभरात कुठेतरी गज वाकवलेला दिसतो. लोकांना शिस्त नाही असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. रेलिंगची फट कुठे पडली आहे ते पाहावं आणि झेब्रा तिथे काढावा.

आणि सर्कल लॉक होणं. आत फिरणाऱ्या गाडीला पहिला हक्क, हा नियम ब्रिटनने 1966 साली लागू केला आणि त्यानंतरच सर्कलं नीट चालू लागली. आपल्याकडेही 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत तेच आहे: सर्कलमधल्या वाहनाला प्राधान्य, आणि सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर पायी माणसाला. प्रत्यक्षात शिरणारे घुसतात, आत फिरणारे अडतात, बाहेर पडायची तोंडं बंद होतात आणि सगळा गोल गच्च होतो. अशा वेळी उभ्या गाड्यांमधून चालणं सोपं वाटतं. तिथेच दुचाक्या सापटीतून निघतात. पूर्वीच्या भारतीय मानकांत ताशी सुमारे 3000 वाहनं ही गोल चौकाची वरची मर्यादा मानली आहे. त्यापुढे सर्कल एकटं पुरत नाही, सिग्नलची जोड लागते.

पावसाळा हा वेगळा विषय. गोल रस्त्याचा उतार सहसा बाहेरच्या कडेकडे असतो, म्हणजे पाणी तिथेच साचतं जिथे माणूस उभा आहे आणि सायकल चालते आहे. किंग्ज सर्कलचा गांधी मार्केटचा भाग तुंबण्यासाठी ठाऊकच आहे. पाणी पोटरीला लागलं की आयलंडची कड, उघडं चेंबर, खचलेले पेव्हर ब्लॉक काही दिसत नाही. झेब्र्याचा प्लॅस्टिकसारखा जाड पट्टा ओला झाला की गुळगुळीत होतो. त्यात काचेच्या मण्यांबरोबर खरखरीत कच टाकायची असते. ती टाकली की नाही हे ओल्या पट्ट्यावर चपलेचा तळ घासून लगेच कळतं.

जवळच उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता बाग आहे, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेत जाणारी चालायची वाट. हमरस्त्याच्या मधोमध, पुलाखालच्या पडीक जागेत माणसांना फिरायला मिळालं, ही माटुंगेकरांची मोठी मिळकत. पण बागेपर्यंत पोचायला गाड्यांची रांग ओलांडावी लागते, आणि ज्येष्ठांसाठी केलेल्या जागेचं तोंड ज्येष्ठांना अवघड असू नये.

सात रस्ता आणि रीगल

सात रस्ता, कागदोपत्री संत गाडगे महाराज चौक, त्याआधी जेकब सर्कल. सात तोंडं म्हणजे दोन तोंडांमधलं अंतर कमी. एका रस्त्यातून शिरलेली गाडी पुढच्या तोंडाने बाहेर पडायला लगेच डावीकडे ओढते, आणि मागून येणारी तिला छेदत उजवीकडे जाते. चालकाची सगळी बुद्धी त्यात खर्च होते, झेब्र्यावरच्या माणसासाठी काही शिल्लक राहत नाही. डॉ. ई. मोझेस मार्गाच्या बाजूने येऊन सर्कलच्या पलीकडे जायचं तर चालणाऱ्याला एकामागून एक तीन तोंडं ओलांडावी लागू शकतात. प्रत्येकाच्या दोन बाजू धरल्या तर सहा वेळा थांबणं. महालक्ष्मी स्टेशन जवळ, धोबीघाट जवळ, डोक्यावर मोनोरेलचा मार्ग, रस्त्यात त्याचे खांब. खांबाआड उभा असलेला माणूस चालकाला दिसत नाही, म्हणून रस्त्यात उतरण्याआधी खांबापासून दोन पावलं बाजूला सरकून उभं राहावं.

इथे सुधारणा म्हणजे तोंडं कमी करणं. कमी रहदारीच्या एक-दोन रस्त्यांना फक्त बाहेर जाण्याची मुभा दिली तर धडकेची ठिकाणं लगेच घटतात. दुकानदारांना फेरा पडतो, त्यांचं ऐकून घ्यावं लागेल, पण ज्या चौकाची ओळख स्वच्छतेसाठी आयुष्य वेचलेल्या, गावोगाव पायी फिरलेल्या संताच्या नावाने आहे तिथे पायी माणसाला पहिला मान हवा.

रीगलला मध्ये वेलिंग्टन फाउंटन, एका बाजूला संग्रहालय, दुसरीकडे 1933 सालचं रीगल सिनेमा, पुढे कुलाबा कॉजवे. नवखे पर्यटक इथे सर्वाधिक, आणि बऱ्याच परदेशी पाहुण्यांना गाडी उलट्या बाजूने येण्याची सवय. रस्त्यावर ‘उजवीकडे पाहा’ असं मराठी, हिंदी, इंग्रजीत आणि बाणासह रंगवायला अगदी थोडा खर्च येतो. मोकळा पसारा खूप आहे, माणसाला उभं राहायला जागा थोडी. फूटपाथचे कोपरे पुढे आणून ही रुंदी आटवता येईल. हे मुंबईत जमतं याचा पुरावा थोड्याच अंतरावर आहे: हुतात्मा चौकात 1864 सालच्या फ्लोरा फाउंटनभोवतीची जागा पायी चालणाऱ्यांसाठी सोडली गेली, आणि आता लोक कारंज्याजवळ निवांत उभे राहतात.

सायकल

मुंबईत सायकल म्हटलं की पहाटेचे हौशी गट दिसतात, पण चौकाचा खरा ग्राहक म्हणजे डबेवाला, पाववाला, दूधवाला, इडलीवाला. हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, मागे जड ओझं. अशी सायकल उभी केली की पुन्हा हलवायला जीव काढावा लागतो, आणि पहिली चार पायडलं ती डगमगते. म्हणून संथ सर्कल त्याला सिग्नलपेक्षा बरं: वेग कमी करून, न थांबता पुढे जाता येतं. वेगवान सर्कल मात्र त्याला सर्वात वाईट.

चूक बहुतेकांची एकच होते, डाव्या कडेला चिकटून फिरणं. कडेने फिरणारी सायकल प्रत्येक बाहेर पडणाऱ्या तोंडासमोरून जाते आणि तिला प्रत्येक वेळी डावीकडे वळणारी गाडी आडवी येते. फ्लँडर्सच्या अभ्यासातही सर्कलच्या आत कडेला आखलेली सायकल-पट्टीच सर्वात घातक ठरली. तेव्हा कोणी गोल रस्त्यात हिरवा पट्टा रंगवून ‘सायकल ट्रॅक केला’ म्हणत असेल तर तो नको म्हणून सांगा. डच पद्धत निराळी: गोलाच्या बाहेर सायकलचं स्वतंत्र कडं, रस्ता ओलांडण्याची जागा सुमारे 5 मीटर मागे, म्हणजे वळलेली मोटार तिथे थांबू शकते आणि चालक सायकलकडे जवळजवळ सरळ बघतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फेंडन रोडवर 2020 साली असं पहिलं सर्कल झालं.

तोवर चालवायचं कसं? तोंडाच्या 30 मीटर आधी मान वळवून मागे पाहा आणि पदराच्या मधोमध या. एकपदरी सर्कलमध्ये मधोमध राहिलं की गाडीला शेजारून घुसता येत नाही. दोन-तीन पळ हॉर्न ऐकावा लागतो, तो ऐका. आपल्या आधीचं तोंड मागे पडलं की डावा हात दाखवा आणि मग बाहेर पडा. बसशेजारी कधीच राहू नका. 12 मीटर लांब बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात: शिरताना आणि बाहेर पडताना डावीकडे ओढतात, गोलात फिरताना मधल्या बागेकडे. म्हणजे दोन्ही बाजूंना चेंगरण्याची जागा आहे. बसच्या मागे राहा, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल इतकं अंतर ठेवून. ओझं जास्त असेल किंवा सर्कल तीन पदरी असेल तर उतरून फूटपाथने झेब्र्यावरून जा. गटाराच्या जाळीचे गज चाकाच्या दिशेने बसवलेले असतील तर बारीक टायर त्यात अडकतो. ही जाळी आडवी फिरवून बसवणं तासाभराचं काम आहे, तेवढं तरी मागून घ्या.

मागणी काय करायची

‘सर्कल सुधारा’ अशा अर्जाला उत्तर येत नाही. मोजमाप द्या. टेप घ्या: प्रत्येक तोंडाची रुंदी, आयलंडची रुंदी, झेब्रा रेषेपासून किती मागे, फूटपाथची उंची. फूटपाथ 150 मिलीमीटरहून उंच नसावा आणि चालायची मोकळी जागा 1.8 मीटर हवी. व्हीलचेअरच्या उताराला 1:12 चं प्रमाण लागतं, म्हणजे 150 मिलीमीटर उंचीला 1.8 मीटर लांबीचा उतार. एक फुटाचा सिमेंटचा लोंदा हा उतार नव्हे. बोलार्डमध्ये, म्हणजे गाड्या अडवायला फूटपाथवर रोवलेल्या बुटक्या खांबांमध्ये, 900 मिलीमीटर अंतर हवं, त्याहून कमीत व्हीलचेअर अडते. त्यातून मोटारसायकलही जाते हे खरं, पण तिला अडवायचं म्हणून व्हीलचेअर अडवणं मान्य करू नका. मग घड्याळ: सकाळी 8 ते 9 मध्ये दर दहा मिनिटांना किती माणसं, कुठून ओलांडतात, किती वेळ थांबतात. पिशवीभर आकडे नकोत, एका पानावर नकाशा आणि बाण पुरतात.

कायमचं काँक्रीट ओतण्याआधी तात्पुरता प्रयोग मागा. प्लॅस्टिकचे पिंप, शंकू, रंग. तोंडं आटवा, आयलंड मांडा, झेब्रा मागे घ्या आणि दोन आठवडे पाहा. बेस्टची बस आणि अग्निशमनाचा बंब वळतो की नाही हे रात्री रिकाम्या रस्त्यावर खरी गाडी फिरवून तपासायचं, आणि मागचं चाक जिथून गेलं तिथे खडूने रेघ मारायची. बस अडत असेल तर तोंड पुन्हा रुंद करू नका. मधल्या गोलाभोवती 50 ते 75 मिलीमीटर उंच खडबडीत पट्टा करा, बसचं मागचं चाक त्यावर चढतं, मोटार धक्क्याच्या भीतीने लांब राहते. तोंडाजवळच्या आयलंडवर झुडपं गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. मधल्या बागेत मात्र झाडं हवीत, कारण पलीकडचा रस्ता दिसला नाही की चालक आपण होऊन हळू येतो. कोपऱ्यावरचे वाढदिवसाचे फलक सर्वात आधी काढायला लावा, शाळकरी मुलाची उंची बरोबर त्यांच्या मागे लपते.

सर्कल सगळीकडे मागू नये. लोकल सुटल्यावर माणसांचा लोंढा येतो त्या स्टेशनांबाहेर, दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, ते चालणार नाही. झेब्र्यावर माणसांची रांग तुटलीच नाही तर गाड्या गोलातच अडकतात, मग चालक अंगावर घालतात. तिथे चालणाऱ्यांना चारही बाजूंनी एकदम हिरवा देणारा सिग्नल हवा, आणि तो हिरवा आजींच्या 0.8 मीटरच्या चालीने मोजलेला.